एकीसाठी युद्ध मागणाऱ्यांना गोदाकाठचं उत्तर

‘एकदा युद्ध होऊन जाऊ दे, मग बघा सगळे भेद कसे गळून पडतात.’ 2025 च्या मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडत होत्या, तेव्हा हे वाक्य नाशिकमध्ये चहाच्या टपरीवरही ऐकू येत होतं आणि शिकल्यासवरल्या बैठकींतही. आरक्षणावरून गावागावांत पडलेली फूट, जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा दर दुष्काळात पेटणारा वाद, भाषेवरून होणारी हाणामारी, ही सगळी शांततेच्या काळातली चैन आहे. शत्रू दारात आला की ती आपोआप संपते आणि आपसांत लढण्याचा धोका उरत नाही, असं या मताचं सार आहे.

हे मत चुकीचं आहे आणि धोक्याचंही आहे. ते बाळगणाऱ्यांच्या देशप्रेमाबद्दल मला शंका नाही. देवळालीचा तोफखाना आणि ओझरचा विमान कारखाना असलेल्या जिल्ह्यात युद्ध ही लांबची गोष्ट नसते. इथल्या अनेक घरांतली मुलं सैन्यात आहेत. म्हणूनच या मताचा प्रतिवाद इथून व्हायला हवा. दुसरंही कारण आहे. दोन राज्यांमधलं युद्ध आणि एकाच राज्यातली यादवी यांचं नातं काय असतं, याचा मराठी इतिहासातला सर्वांत ठळक पुरावा आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीच्या काठावर पडलेला आहे.

आधी समोरच्या बाजूचा पुरावा पूर्ण मांडतो. तो हलका नाही. पहिला दाखला राक्षसभुवनचा. पानिपतानंतर निजामाने मराठी राज्यावर झडप घातली, तेव्हा एकमेकांशी भांडलेले रघुनाथराव आणि माधवराव हे चुलते-पुतणे एकत्र आले आणि 10 ऑगस्ट 1763 ला गोदावरीच्या काठावर त्यांनी निजामाचा पराभव केला. दुसरा दाखला खर्ड्याचा. 11 मार्च 1795 ला शिंदे, होळकर, भोसले असे सगळे मोठे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली लढले आणि निजाम पुन्हा हरला. तिसरा दाखला आपल्या आठवणीतला. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये चीनशी युद्ध चालू असताना यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. एकाही विरोधी पक्षाने उमेदवार उभा केला नाही. द्रविड मुन्नेत्र कळघमने त्याच सुमारास वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडली. यापेक्षा आणखी कसली एकी हवी, असा त्यांचा सवाल आहे.

तिन्ही घटना खऱ्या आहेत. प्रश्न एवढाच की त्यांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं.

राक्षसभुवन समजायचं तर दोन वर्षं मागे जावं लागतं. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. जनकोजी शिंदे, यशवंतराव पवार, समशेर बहाद्दर, इब्राहिमखान गारदी हेही गेले. 23 जूनला नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. गादीवर आले माधवराव, वय सोळा. घरातला वडीलधारा पुरुष एकच उरला होता, रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब, कारण ते पानिपतावर गेले नव्हते. भाऊ जिवंत असते तर दादासाहेबांना दुसऱ्या क्रमांकाचीही जागा मिळणं कठीण होतं. अब्दालीने जिंकून फारसा मुलूख मिळवला नाही. पण त्याच्या तलवारीने पेशव्यांच्या घरात एक रिकामी जागा तयार केली आणि त्या जागेवर दोन दावेदार उभे राहिले.

त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली चालून आला. प्रवरासंगमाजवळच्या टोक्याची देवळं त्याच्या सैन्याने उद्ध्वस्त केली, तेव्हा निजामाकडचे रामचंद्र जाधव उठून मराठ्यांकडे आले. एकीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हा प्रसंग फार प्रिय आहे आणि तो खराही आहे. पण पुढचं पान उलटावं. वर्ष पुरतं उलटायच्या आत, नोव्हेंबर 1762 मध्ये, त्याच निजामाची मदत घेऊन दादासाहेब पुतण्यावर चालून गेले. घोडनदी आणि आळेगाव इथे मराठे मराठ्यांशी लढले. माधवरावांनी राज्य वाचवण्यासाठी स्वतःहून चुलत्याच्या छावणीत जाऊन शरणागती पत्करली. या मदतीच्या मोबदल्यात निजामाला दौलताबादसह मोठा मुलूख परत देण्याचं दादासाहेबांनी कबूल केलं होतं.

इथे नीट थांबून पाहायला हवं. शत्रू तोच होता. देवळं फोडणारा, पुण्याकडे चालून येणारा. त्याच्या भीतीने घर एक व्हायला हवं होतं. झालं उलटं. घरातल्या भांडणात ज्याची बाजू कमी पडत होती, त्याला तो शत्रू आधार म्हणून दिसू लागला. पुढच्याच वर्षी दादासाहेबांनी दुखावलेले मिरजेचे गोपाळराव पटवर्धन निजामाला मिळाले, नागपूरचे जानोजी भोसले मिळाले, आणि या सगळ्यांनी मिळून पुणं लुटलं आणि जाळलं. त्यानंतर राक्षसभुवन झालं. म्हणजे ज्या विजयाचा दाखला एकीचा म्हणून दिला जातो, तो यादवीच्या दोन फेऱ्यांनंतरचा आहे आणि लढाईच्या आधी मराठी सरदारांचा मोठा भाग पलीकडच्या बाजूला होता.

राक्षसभुवनची एकी किती टिकली? पाच वर्षंही नाही. दादासाहेब नाशिकजवळ आनंदवल्लीला येऊन राहिले. आज गंगापूर रस्त्याने जाताना आपण जी वस्ती ओलांडतो, तिथे त्यांचा वाडा होता. 1767 च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांचा वकील मॉस्टिन पुण्यात आला आणि त्याचा साथीदार ब्रोम दादासाहेबांना भेटायला नाशिकला आला. मराठी दरबारातली फूट किती खोल आहे, हे पाहणं त्यांच्या कामाचाच भाग होता. 1768 च्या उन्हाळ्यात दादासाहेबांनी फौज जमवली. दमाजी गायकवाडांची माणसं आली, होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत आले, जानोजी भोसल्यांशी संधान बांधलेलं होतं. माधवरावांनी भोसले पोहोचायच्या आत गाठलं. 10 जून 1768 ला चांदवडच्या डोंगररांगेतल्या धोडपच्या पायथ्याशी पेशव्याची फौज पेशव्याच्या चुलत्याच्या फौजेशी लढली. आज ट्रेकला जाणारी मुलं हट्टी गावातून धोडप चढतात, फोटो काढतात. तिथे झालेली लढाई परक्याशी नव्हती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. राघोबादादांच्या हावेचं खापर युद्धाच्या माथी कशाला? माणूस लोभी होता, बस्स. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. दादासाहेब 1750 च्या दशकातही तेच होते. त्या काळात त्यांनी गुजरातेत आणि उत्तरेत मोहिमा केल्या, 1758 मध्ये लाहोर गाठलं, पैशाच्या हिशोबावरून पुण्यात त्यांची बोलाचालीही झाली. पण नानासाहेब आणि भाऊ असताना त्यांची हाव तलवार उपसू शकली नाही. स्वभाव बदलला नव्हता, परिस्थिती बदलली होती. युद्धाने वरची दोन माणसं नेली, खजिना रिकामा केला, सरदारांच्या मनातला पुण्याचा धाक घालवला आणि सीमेवर असा शत्रू उभा केला, ज्याला आपल्या घरातला असंतुष्ट माणूस विकत घेणं लढण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. लोभी माणसं प्रत्येक राज्यात असतात. त्यांना संधी कोण देतं, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

धोडपनंतर दादासाहेब शनिवारवाड्यात कैदेत गेले. 18 नोव्हेंबर 1772 ला माधवराव थेऊरला वारले आणि 30 ऑगस्ट 1773 ला त्याच शनिवारवाड्यात त्यांचे धाकटे भाऊ, नवे पेशवे नारायणराव यांचा खून झाला. खून करणारे गारदी होते. कवायती पायदळ म्हणून परक्यांशी लढण्यासाठी पोसलेले पगारी शिपाई, आणि त्यांची उघड तक्रार थकलेल्या पगाराची होती. युद्धासाठी उभं केलेलं आणि वेळेवर पगार न मिळालेलं सैन्य स्वतःच्याच राजवाड्यात शिरलं, असा हा प्रसंग आहे. कटातली माणसं वेगळी काढली तरी ही गोष्ट उरतेच.

आणि मग चक्र पूर्ण झालं. नारायणरावांच्या खुनानंतर गादीवर आलेल्या दादासाहेबांना पुण्याच्या कारभाऱ्यांच्या बारभाई मंडळाने हटवलं, ते इंग्रजांकडे पळाले आणि मार्च 1775 मध्ये सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याचं कबूल केलं. वसई! पंचवटीत रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळात जी घंटा आहे, ती 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाची खूण मानली जाते. ज्या वसईसाठी हजारो मराठी माणसं मेली, ती घरच्या भांडणात सौदा म्हणून टेबलावर आली. या तहातून पहिलं इंग्रज-मराठा युद्ध उभं राहिलं आणि ते 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. दादासाहेब 1783 च्या डिसेंबरात कोपरगावला वारले, तेही गोदावरीच्याच काठी. परक्याशी युद्ध, त्यातून यादवी, यादवीतून पुन्हा परक्याशी युद्ध, अशी ही साखळी पानिपतापासून सालबाईपर्यंत एकवीस वर्षं ओढली गेली. कुणी म्हणेल, हा पराभवाचा परिणाम आहे. जिंकलेलं युद्ध असं करत नाही.

मग खर्डा पाहा. खर्डा हा निखळ विजय होता. सगळे सरदार एकत्र होते. पुढे सात महिन्यांनी, 27 ऑक्टोबर 1795 ला, पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून दगावले. तो मृत्यू युद्धाने घडवला नव्हता, हे मान्य. पण वारस कोण या प्रश्नाचा निकाल शांतपणे लागला नाही, याचं कारण युद्धातून आलेलं होतं. खर्ड्यावर लढलेली दौलतराव शिंद्यांची प्रचंड कवायती फौज पुण्याभोवती ठाण मांडून होती आणि तिला पगार द्यायला पैसे नव्हते. आनंदवल्ली-कोपरगावात वाढलेले दादासाहेबांचे चिरंजीव दुसरे बाजीराव 1796 मध्ये गादीवर आले ते याच फौजेच्या मर्जीने. 1798 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना छळून पैसे उकळले. निजामाला हरवणाऱ्या सैन्याचा पगार पुणेकरांच्या पाठीवर चाबूक ओढून वसूल झाला. नंतर शिंदे-होळकर युद्ध भडकलं आणि 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पळाले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. तह झालेलं ठिकाण होतं वसई. खर्ड्याच्या विजयापासून स्वातंत्र्य गहाण पडेपर्यंत आठ वर्षंही लागली नाहीत.

याच्याही आधीचा दाखला घ्या. औरंगजेबाशी मराठे पंचवीस वर्षं लढले. बाहेरच्या शत्रूमुळे एकी होते हा नियम खरा असता, तर तेवढ्या दीर्घ लढ्यातून पोलादासारखं एकजीव राज्य बाहेर पडायला हवं होतं. औरंगजेब 1707 मध्ये मेला, मोगलांनी शाहूंना सोडलं आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात खेडला शाहू आणि ताराबाई यांच्या फौजा भिडल्या. त्या फुटीवर कायमचा पडदा पडायला 1731 चा वारणेचा तह यावा लागला.

आता सामान्य माणसाकडे येतो, कारण यादवी फक्त राजवाड्यात होत नाही. 1818 मध्ये पेशवाई संपली. 3 जूनला बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तरी मालेगावच्या भुईकोटात अरब शिपाई त्यानंतरही लढत होते. मालक उरला नव्हता, पण युद्धासाठी आणलेले शिपाई उरले होते. डोंगरी किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या राखणीवर जगणारे रामोशी, कोळी, भिल्ल यांची भाकरी गेली. खानदेश आणि नाशिकच्या उत्तरेकडचा मुलूख त्याआधीच होळकर-शिंदे यांच्या फौजांनी तुडवलेला आणि 1803-04 च्या दुष्काळाने पोळलेला होता. त्या काळात पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी भिल्लांना विश्वासघाताने पकडून कोपरगावला विहिरींत लोटल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. अशा लोकांनी 1818 नंतर सातमाळा आणि सातपुड्यात शस्त्रं उचलली, तर त्यांना दरोडेखोर म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. राज्याराज्यांच्या लढाया त्यांच्या अंगणात झाल्या होत्या आणि त्या लढायांचा हिशोब त्यांच्याशी कुणीच केला नव्हता.

ही अशांतता कमी कशाने झाली, हे अधिक महत्त्वाचं आहे. नुसत्या पलटणी पाठवून ती थांबली नाही. 1825 पासून जेम्स आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली, ठरलेला पगार सुरू झाला, काहींना जमिनी मिळाल्या, नाईकांचे जुने हक्क काही अंशी मान्य झाले. तो साम्राज्याचा हिशोब होता, त्याला परोपकार म्हणायचं कारण नाही. पण तो हिशोब करावा लागला, हे खरं. जिथे तो अपुरा राहिला तिथे आग पुन्हा पेटली. 1857 च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांनी इंग्रजांचा पोलीस अधिकारी हेन्रीला मारलं आणि पुढे दोन वर्षं ते लढत राहिले.

आता तिसऱ्या दाखल्याकडे येतो, कारण तोच सर्वांत बळकट आहे. 1963 ची नाशिकची बिनविरोध निवडणूक ही खरोखरच एकीची खूण होती. पण ती एकी चीनने दिलेली नव्हती. 1956 ते 1960 या काळात महाराष्ट्र दिल्लीवर संतापलेला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक लोक हुतात्मा झाले, 1957 च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मतदारांनी धडा शिकवला. त्या भांडणाचा निकाल 1 मे 1960 ला लागला. राज्य मिळालं, मुंबई मिळाली. अडीच वर्षांनी चीनचं आक्रमण झालं, तेव्हा मराठी माणसाला दिल्लीकडून येणं असलेलं मोठं देणं फिटलेलं होतं. म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले, तेव्हा त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही, अभिमान वाटला. ही एकी मोर्च्यांनी, मतपेटीने आणि वाटाघाटींनी आधीच कमावलेली होती. युद्धात ती कामी आली.

द्रमुकचंही तेच. चीनच्या युद्धात अण्णादुराईंनी वेगळेपणाची मागणी बाजूला ठेवली, 1963 मध्ये फुटीर प्रचाराला बंदी घालणारी सोळावी घटनादुरुस्ती झाली, हे खरं. पण युद्धानेच प्रश्न सुटला असता तर 1965 च्या जानेवारीत हिंदीसक्तीविरोधात मद्रास राज्य पेटलं नसतं. तिथला प्रश्न शांत झाला तो इंग्रजी चालू ठेवण्याच्या हमीने, 1967 मध्ये ती हमी कायद्यात आल्याने, आणि त्याच वर्षी द्रमुकला मतपेटीतून सत्ता मिळाल्याने.

आणि जिथे आधी हिशोब झाला नव्हता तिथे काय झालं? 1959 च्या दुष्काळात वाऱ्यावर सोडलेल्या मिझो डोंगरांत 1966 च्या मार्चमध्ये बंड झालं. पाकिस्तानशी झालेलं 1965 चं युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. पाकिस्तानशी वैर असल्यामुळे बंडखोरांना पूर्व पाकिस्तानात आसरा आणि शस्त्रं मिळाली. आपल्याच ऐजॉलवर आपल्याच हवाई दलाला हल्ला करावा लागला. शांतता करार व्हायला 1986 उजाडलं. निजाम आणि दादासाहेब यांचं गणित इथे दोनशे वर्षांनी जसंच्या तसं पुन्हा मांडलं गेलं.

त्याच 1965 च्या युद्धाचा पलीकडचा परिणाम तर आणखी बोलका आहे. लाहोरच्या आघाडीवर पूर्व बंगाल रेजिमेंटचे बंगाली जवान पाकिस्तानसाठी शौर्याने लढले. रावळपिंडीतल्या पाकिस्तानी सत्ताधाऱ्यांना वाटलं, देश एक झाला. पण सगळं सैन्य पश्चिमेत गुंतलेलं असताना पूर्व पाकिस्तान जवळजवळ उघडा पडला होता आणि हे तिथल्या माणसांच्या मनात राहिलं. पाचच महिन्यांत, फेब्रुवारी 1966 मध्ये, शेख मुजीबुर रहमान यांनी लाहोरलाच सहा कलमी मागणी मांडली. त्यातलं सहावं कलम पूर्व पाकिस्तानसाठी स्वतःच्या निमलष्करी दलाचं होतं. त्या मागणीला रावळपिंडीने फितुरीचा खटला भरून उत्तर दिलं. पुढे 25 मार्च 1971 ची रात्र आली, यादवी आली आणि डिसेंबरात भारताशी युद्ध येऊन देशाचे दोन तुकडे झाले. बाहेरच्या शत्रूच्या नावाने घरातली तक्रार दाबण्याचा प्रयोग इतक्या शेवटापर्यंत क्वचितच कुणी नेला असेल.

जगाचा इतिहास याच वाटेने जातो. प्रशियाकडून हरलेल्या फ्रान्समध्ये 1871 ला पॅरिसच्या रस्त्यांवर फ्रेंचांनी फ्रेंच मारले. जपानशी लढताना रशियात 1905 ची क्रांती झाली आणि पहिल्या महायुद्धाने थकलेल्या त्याच रशियात 1917 नंतर भीषण यादवी माजली. चीनमध्ये जपान पराभूत होताच राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांचं युद्ध नव्याने भडकलं. 1991 मध्ये कुवेतमधून मागे हटलेल्या इराकी सैन्याच्या पाठोपाठ बसऱ्यात उठाव झाला. महायुद्धात इंग्लंड एक झालं, असं म्हणताना 1916 चं डब्लिन आणि त्यानंतरची आयरिश यादवी विसरली जाते.

प्रत्येक युद्धानंतर यादवी होतेच, असा माझा दावा नाही. तसं होत नाही. बरीच राज्यं युद्धातून सावरतात. समाजशास्त्रज्ञ लुईस कोझर यांनी 1956 च्या आपल्या ग्रंथात याचं मर्म सांगितलं आहे. बाहेरच्या संघर्षाने गट घट्ट होतो, पण केव्हा? गटात आधीपासून किमान एकमत असेल तेव्हाच. ते नसेल तर तोच संघर्ष गटाला फोडतो. एकीसाठी युद्ध मागणारे या विधानाचा पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा गाळतात. पण सगळा धोका दुसऱ्या अर्ध्यात आहे. ज्या समाजात आधीच फूट आहे, त्याच्यासाठी ते युद्धाचं औषध सुचवतात, आणि ते औषध नेमकं त्याच समाजाला विषासारखं लागतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. युद्ध एकी निर्माण करत नाही. आधी कमावलेली एकी ते खर्च करतं. ज्याच्या गाठीशी ती पुरेशी असते, तो निभावतो. ज्याच्या गाठीशी नसते, त्याच्या घरात युद्ध तीन गोष्टी ठेवून जातं: रिकाम्या जागांसाठी भांडणारे दावेदार, पगार आणि सन्मान थकलेली हत्यारबंद माणसं, आणि सीमेपलीकडे घरातल्या असंतुष्टांना मदत करायला टपलेला शत्रू. धोडप, शनिवारवाडा, मालेगाव, ऐजॉल, ढाका, यांतल्या प्रत्येक ठिकाणी यांपैकी एक तरी गोष्ट सापडते.

देशावर आक्रमण झालं तर लढलंच पाहिजे. त्याबद्दल दुमत नाही, आणि लढणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहिलंच पाहिजे. पण संरक्षणासाठी लढणं वेगळं आणि घरातली भांडणं मिटावीत म्हणून युद्धाची वाट पाहणं वेगळं. दुसरी इच्छा बाळगणारा माणूस नकळत यादवीचीच वाट मोकळी करत असतो. जायकवाडीच्या पाण्याचा न्याय्य वाटा, आरक्षणाचा प्रश्न, आदिवासी पाड्यांवरच्या वनहक्कांचे दावे, निवृत्त जवानांचं पेन्शन आणि पुनर्वसन, ही कामं शांततेच्या काळात तडीला न्यावी लागतात, कारण युद्धाच्या काळात ती निघतच नाहीत आणि युद्धानंतर त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढलेली असते. या प्रश्नांवर बोलणाऱ्याला ‘शत्रू सीमेवर असताना फूट पाडतोस’ असं हिणवणं सर्वांत घातक आहे, कारण गप्प बसवलेली तक्रार मिटत नाही, ती ऐकणारा दुसरा कान शोधते, आणि तो कान सीमेपलीकडेही असू शकतो. देशाचं संरक्षण घरातला न्याय पुरा करण्यापासून सुरू होतं. ज्यांना एकी हवी आहे, त्यांनी ती या कामांतून कमवावी. रणांगणाकडे तिची मागणी करू नये.